कागदाचं सोनं

आमच्या शिक्रापुरात घरामागच्या बांधावर एक आपटा आहे. दसरा आला की सगळी आळी त्याच्यावर तुटून पडायची. त्यात मीही असायचे. गेल्या वर्षी अंगणवाडीत जाणाऱ्या माझ्या मुलानं विचारलं, "आई, झाडाचे कपडे कुणी काढले?" मला काही उत्तर सुचेना.

यंदा आश्विन लागताच आळीतली पाच-सहा पोरं ओटीवर बसवली. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा पानं-शिंपलेच खेळणी झाली. म्हणून आधी प्रत्येकाच्या हातात आपट्याचं गळलेलं पान दिलं, मग हिरवा घोटीव कागद.

मैत्रिणींनो, कृती सोपी आहे. चौकोनी कागदाला दोन्ही तिरक्या घड्या घालून उलगडा. कागद टोकावर उभा धरा. वरचं टोक मध्यावर आणा, खालचं टोक वरच्या कडेला भिडवा. आता डावी-उजवी बाजू मधल्या रेषेवर उचलून दुमडा. कागद पालटून वरची आणि बाजूची टोकं जराशी मुडपली की झालं जोडपान! ही शेवटची घडी आपणच घालावी. चार वर्षांच्या बोटांना ती साधत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "देवापुढं कागद चालायचा नाही हो!" मग देवाला एक खरं पान, माणसांना कागदाचं, असं ठरलं.

संध्याकाळी सोनं वाटून चिरंजीव परतले. एक पान मुठीत उरलं होतं. विचारलं, तर म्हणाला, "हे आपल्या झाडाला."