धनुष्य घेऊन न्यूझीलंडला

परदेशांतील शिकारीचा बेत आंखतांना यजमान घरचाच असला म्हणजे निम्मी चिंता मिटते. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथें स्थायिक झालेल्या आमच्या भाच्यानें येत्या जूनमध्यें, तिकडच्या हिंवाळ्यांत, धनुष्यबाणानें थार मारावयास आम्हांस बोलाविलें आहे. धनुष्यास तेथें शस्त्रपरवाना लागत नाहीं. सरकारी रानांत शिकारीचा परवाना मात्र हवा, व तो विनामूल्य मिळतो. वापरलेले बूट विमानतळावर न चुकतां दाखवावे लागतात. परक्या रोपांचें बीं देशांत शिरूं नये, हा हेतु.

उरली ती दुसरी निम्मी चिंता. थार हा मूळचा हिमालयांतील रानबोकड; भारतांत १९७२ च्या कायद्यानें त्यास अभय आहे. १९०४ सालीं तो न्यूझीलंडांत माउंट कूकनजीक शिकारीच्या हौसेखातर सोडण्यांत आला. खुरांच्या जनावरांची ओळख नसलेल्या त्या डोंगरांत कळप वाढले, वनस्पति उजाड होऊं लागल्या, आणि १९९३ मध्यें सरकारनें त्यांची कमाल संख्या १०,००० ठरविली.

“इकडे राखावयाचा तो जीव तिकडे कां मारावा?” या घरांतील वडील मंडळींच्या प्रश्नास हें उत्तर आमच्या मतें अर्धेंच आहे. अपराध थाराचा नव्हे, त्यास तेथें नेणाऱ्यांचा. तेव्हां मरण यावयाचेंच तर तें तत्काळ यावें. कड्यावर जखमी झालेलें जनावर पुष्कळदा हातीं न लागतां तळमळत मरतें. म्हणून भाच्यास आम्हीं कळविलें आहे कीं, तीस पावलांच्या आंत जनावर आडवें उभें असलें तरच बाण सुटेल. एरव्हीं रिकाम्या हातीं परतूं, आणि त्यांत यजमानानें आपला उणेपणा मानूं नये.