परत

मामीच्या कपाटाचा खालचा खण उघडला आणि डांबरगोळ्यांच्या वासामागून ओल धरलेल्या पुठ्ठ्याचा वास आला. मामीला जाऊन महिना झाला होता. सदाशिव पेठेतलं घर रिडेव्हलपमेंटसाठी रिकामं करून द्यायचं होतं, म्हणून आम्ही भाचरं आवराआवरीला जमलो होतो. पातळांच्या तळाशी रेकॉर्डचं एक कव्हर निघालं. आत रेकॉर्ड नव्हती. ‘आनंद शंकर अँड हिज म्युझिक’, साल १९७५. मामेभाऊ म्हणाला, “नुसतं कव्हर काय ठेवायचं?” मी ते घेऊन गॅलरीत गेले. मला सतार ऐकू आली नाही. सूप ऐकू आलं.

ही रेकॉर्ड मामाने कलकत्त्याहून आणली होती. सुई घसरू नये म्हणून तो तिच्या डोक्यावर दहा पैशांचं नागमोडी कडेचं नाणं ठेवायचा. मग ड्रम, तबला, गिटार, आणि त्या गर्दीतून वाट काढत येणारी सतार. एका रविवारी त्याची बैठकीला जाणारी मित्रमंडळी आली होती. त्यांच्यातल्या एका जाणकार गृहस्थांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, “काका कुठे नि पुतण्या कुठे!” सगळे हसले. मामाही हसला, आणि त्याने सुई उचलली. त्यानंतर चारचौघांत त्याने ती रेकॉर्ड कधी लावली नाही. त्या गृहस्थांना मी अजून माफ केलेलं नाही.

पुतण्या काकांकडे शिकलाच नव्हता, हे त्यांना ठाऊक नसावं. आनंद शंकर हे उदय शंकर आणि अमला शंकर यांचे चिरंजीव, १९४२ साली अल्मोड्यात जन्मलेले. सतार शिकले ती बनारसला, लालमणी मिश्रांकडे, काका रविशंकरांकडे नव्हे. साठच्या दशकाच्या अखेरीस ते लॉस एंजेलिसला गेले, तिथल्या रॉकवाल्यांमध्ये वावरले. १९७० मध्ये रिप्राइज कंपनीने त्यांची पहिली रेकॉर्ड काढली. रोलिंग स्टोन्स आणि डोअर्सची गाणी सतारीवर, जोडीला मूग सिंथेसायझर, आणि त्यातच ‘सागर’ नावाची तेरा मिनिटांची संथ रचना. मग ते कलकत्त्याला परतले आणि तिथे त्यांनी ही दुसरी केली. मामाच्या घरी आली ती.

मे महिन्यातली दुपार. मामा कामावर. मी आठ वर्षांची, सुट्टीला आलेली. मामीने पदराच्या टोकाने रेकॉर्ड हलकेच गोल पुसली, नाणं ठेवलं, सुई टेकवली आणि सूप घेऊन उंबऱ्याशी बसली. गहू पाखडायचे होते. आधी सूप आपल्या चालीने चाललं होतं. ड्रमने जोर धरला तशी सुपाची चाल बदलली. गहू एका मात्रेला उडायचे, दुसरीला सुपात पडायचे, आणि समेवर मामी सुपाच्या कडेला बोटांनी टिचकी द्यायची. कोंडा उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहायचा. गाणं संपलं की ती उठायची, सुई उचलून मागे आणायची, पुन्हा येऊन बसायची. असं चार-पाच वेळा झालं असेल. मग माझ्याकडे लक्ष गेलं तशी म्हणाली, “ह्यांना सांगू नको हं.”

मी नाही सांगितलं.

नव्वदच्या दशकात लंडनच्या डीजेंना ह्या रेकॉर्डी सापडल्या. १९९६ मध्ये ब्लू नोट कंपनीच्या ‘ब्लू ज्यूस’ ह्या संग्रहात ‘डान्सिंग ड्रम्स’ आणि ‘स्ट्रीट्स ऑफ कलकत्ता’ आली आणि तिकडची तरुण मुलं त्यांवर नाचू लागली. स्टेट ऑफ बेंगॉल नावाने संगीत करणाऱ्या लंडनच्या डीजेबरोबर आनंद शंकरांनी इंग्लंडमध्ये कार्यक्रम केले. मार्च १९९९ मध्ये ते गेले. वय अवघं छप्पन्न. त्या जोडीने केलेला ‘वॉकिंग ऑन’ हा अल्बम त्यांच्या मागे बाजारात आला. मुंबईच्या आशा पुथलींचं तरी काय वेगळं झालं? १९७२ मध्ये निघालेल्या ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’मध्ये, जॅझच्या अगदी पुढच्या फळीत, आपल्याकडची मुलगी गायली होती. आमच्या घरात ते नाव कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. आपल्या माणसाचं मोल बाहेरच्याने सांगावं आणि मग आपण मान डोलवावी, ह्याचा मला फार राग येतो.

हा राग मी पुष्कळ ठिकाणी बोलून दाखवला आहे. बोलताना दर वेळी ऐटीत म्हणायचे, “माझ्या मामाकडे होती ही रेकॉर्ड, तेव्हाच!”

गॅलरीत कव्हर उलटलं. मागे गाण्यांची नावं इंग्रजीत छापलेली. मामी सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी अक्षर अक्षर जुळवून वाचायची. ‘डान्सिंग ड्रम्स’समोर शिसपेन्सिलने, किराण्याच्या यादीतल्या तिच्या त्याच बारीक अक्षरात, एकच शब्द लिहिला होता: परत.

मामाची रेकॉर्ड. मामाचा शौक. मामाचा अपमान. इतकी वर्षं मी तिला कधी विचारलं नाही की मामी, तुला त्यात काय ऐकू यायचं? त्या गृहस्थांनी निदान दोन मिनिटं ऐकून मत दिलं होतं. मी तर तिचं मत मागितलंही नव्हतं.

रात्री घरी येऊन ते गाणं फोनवर लावलं. आवाज स्वच्छ होता, खरखर नव्हती, तरी काहीतरी कमी पडत होतं. माझ्या घरात सूप नाही, पीठ पिशवीतून येतं. ताटात दोन मुठी तांदूळ घेतले आणि पाखडून पाहिलं. मात्रा चुकली. तांदूळ फरशीभर सांडले. गाणं संपलं तेव्हा मी खाली बसून एकेक दाणा वेचत होते. ते ताटात घेतले आणि परत लावलं.