रुळाकाठचा शेवगा

दिव्यात राहणाऱ्याला धुळीचं काय कौतुक? सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचं, लोकलच्या दारात जागा मिळवायची आणि ठाण्याला उतरेपर्यंत कॉलरवर दिव्याचा शिक्का! त्यामुळे आईने रुळांपलीकडच्या शेवग्याचा पाला आणला, तेव्हा मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

वहिनीला सहावा महिना होता. हिमोग्लोबिन कमी. डॉक्टरांच्या लोहाच्या गोळ्यांनी मळमळायचं, म्हणून ती त्या टाळायची. आईचा फंडा क्लिअर होता : "शेवग्यात लोह असतं. झाडाचा पाला आहे, बाधणार थोडाच?" मग रोज पाल्याची भाजी, शिवाय वाळवलेल्या पानांची चमचाभर पूड ताकातून.

गंमत म्हणजे, मी पगार घेतो तो नेमका याच प्रश्नाचा. वागळे इस्टेटमधल्या एका लॅबमध्ये मी औषधी वनस्पतींमधले धातू मोजतो. अश्वगंधा, शतावरी, गुळवेल... रोज नवी पाकिटं. पूड नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवायची आणि आयसीपी-एमएस नावाच्या मशीनमध्ये सोडायची. आत आरगॉन वायूचा प्लाझ्मा, सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही गरम. त्यात सगळं अणू-अणू सुटं होतं आणि वजनाप्रमाणे मोजलं जातं. अब्जात एक भाग असला तरी पकडला जातो. एका फटक्यात दोन याद्या हातात : लोह, जस्त, तांबं, मँगनीज ही कामाची मंडळी, शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा हे बिनबुलाये मेहमान.

हे मोजमाप गाजलं ते 2004 साली. अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. मग 1 जानेवारी 2006 पासून आपल्याकडे निर्यातीच्या वनौषधींना ही तपासणी सक्तीची झाली. मर्यादा अशा : शिसं 10 पीपीएम, आर्सेनिक 3, पारा 1, कॅडमियम 0.3. पीपीएम म्हणजे एका ग्रॅममागे एक मायक्रोग्रॅम.

आता आमच्या शेवग्याला ना पाकीट, ना रिपोर्ट. शेवटी साहेबांना विचारून मी पाला लॅबमध्ये नेला. दोन वाटे केले. एक जसाच्या तसा, दुसरा तीनदा धुतलेला. न धुतलेल्या पानांत लोह निघालं धुतलेल्यांच्या कितीतरी पट! घरी सांगितलं तर आई खूश. "बघ, म्हटलं नव्हतं?"

"आई, हे जास्तीचं लोह शेवग्याचं नाही, रुळांचं आहे." चाकं, ब्रेक, रूळ एकमेकांवर घासून उडालेली धूळ. आणि तिच्याबरोबर शिसंही होतं. मर्यादेच्या आत, पण होतं. देशात शिशाचं पेट्रोल 2000 साली बंद झालं, दिव्यातलं डम्पिंग 2023 मध्ये. पण मातीत पडलेलं शिसं नाहीसं होत नाही. धुळीबरोबर पुन्हा उडतं.

"मर्यादेच्या आत आहे ना? मग झालं की!" दादा म्हणाला.

तिथेच तर गोची आहे. मर्यादा पुडीला असते. वहिनी रोज किती चमचे खाते, हे त्या आकड्याला माहीत नसतं. 10 पीपीएम शिशाची पूड रोज 5 ग्रॅम घेतली, तर 50 मायक्रोग्रॅम शिसं पोटात जातं. त्यात लोह कमी असलेलं शरीर शिसं जास्त शोषतं, कारण ते लोहाच्याच वाटेने आत शिरतं. पुढे नाळेतून बाळापर्यंत पोचतं. आणि शिशाचं अमुक इतकं प्रमाण सुरक्षित, असं सांगणारा आकडा अजून कुणाला सापडलेला नाही. म्हणजे जिच्यासाठी पाला आणला, तिलाच तो सगळ्यात महाग पडला असता.

यात शेवग्याचा काय दोष? झाड जिथे उभं असतं, तिथलंच घेतं. "नैसर्गिक" हा शब्द आपण पाकिटावर वाचतो आणि निश्चिंत होतो. पण पाकिटावर वनस्पतीचं नाव असतं, तिचा पत्ता नसतो.

पूड बंद झाली. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, ती वहिनीला सोसली. पाला आता मुरबाडहून मामा पाठवतो. तोही मी आधी मोजला, अर्थात!

रुळाकाठचा उरलेला पाला टाकण्याआधी आईने एकदा परातीत धुऊन बघितला. पाणी चहासारखं झालं. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे आपल्या छातीतपण जात असेल, नाही का रे?"

त्याचा रिपोर्ट माझ्याकडे नव्हता.