आत्याचा चंद्रसेन

पुढच्या रांगेचं तिकीट आत्याला परवडत नसे. त्यामुळे ‘नटसम्राट’ आम्ही बालगंधर्व रंगमंदिराच्या बाल्कनीतून पाहिलं. तिथून डॉ. श्रीराम लागूंचे डोळे दिसले नाहीत. अंकागणिक वाकत गेलेली पाठ दिसली आणि आवाज पोचला, अगदी पुटपुटणंसुद्धा.

शिरवाडकरांचं हे नाटक डिसेंबर १९७० मध्ये गोवा हिंदू असोसिएशनने रंगभूमीवर आणलं. लिअर राजाची सावली त्यावर आहे, पण इथे राज्य नाही. निवृत्त नटाने मुलांना वाटून टाकलेली आयुष्यभराची पुंजी आहे. सुरुवातीला गणपतराव बेलवलकरांचा सत्कार होतो आणि ते प्रेक्षागृहाकडे तोंड करून बोलतात. म्हणजे सत्काराला जमलेली माणसं आम्हीच. टाळ्या आमच्या, खऱ्याखुऱ्या. पुढे तोच माणूस रस्त्यावर आला तेव्हा त्याला डोक्यावर घेणारे आम्ही सगळे जागच्या जागी बसून होतो. त्या बसून राहण्याची लाज मी इतर कुठल्याही शोकांतिकेत इतकी अनुभवलेली नाही. चित्रपटात टाळ्या वाजवणारेही पडद्यावरच असतात. आपल्यावर काही येत नाही.

प्रयोग संपल्यावर लोक विंगेत भेटायला निघाले. आत्या जागची हलेना. म्हणाली, “आज मला त्यांना जिवंत बघायचं नाही रे.”

२०१६ साली महेश मांजरेकरांचा चित्रपट आला तेव्हा तिचं बाहेर जाणं बंद झालं होतं. नंतर आम्ही तो घरी टीव्हीवर पाहिला. नाना पाटेकरांचा चेहरा पडदाभर आला आणि बाल्कनीतून न दिसलेले बेलवलकरांचे डोळे तिला इतक्या वर्षांनी हाताच्या अंतरावर दिसले. ती रडली. मूळ नाटकात नसलेला विक्रम गोखल्यांचा रामभाऊ तर तिला फारच आवडला. मलाही. चित्रपट कमी आहे असं मी म्हणणार नाही. पण मध्येच तिच्या गोळीची वेळ झाली, मी रिमोटवर बोट ठेवलं आणि बेलवलकर अर्ध्या शब्दावर थांबले. नाटकात बेलवलकरांची बायको झालेली शांता जोगांची कावेरी आम्हाला अशी थांबवता आली नव्हती. रंगमंचावर ती आमच्या देखत जात होती आणि तो वेळ तिचा होता तेवढाच आमचाही होता. पुढे इस्पितळात आत्याच्या उशाशी बसलो असताना मी त्याच वेळात होतो.

लागू २०१९ मध्ये गेले, गोखले २०२२ मध्ये. रामभाऊ मात्र उद्याही तेच बोलेल, त्याच सुरात. बेलवलकर दत्ता भटांनी केले, सतीश दुभाषींनी केले, यशवंत दत्तांनी केले. प्रत्येकाची पाठ वेगळी वाकली असणार. त्यातलं जे काही उरलंय ते तिथे बसलेल्या माणसांत.

माझ्या आजोबांनी तरुणपणी गणपतराव जोशींना पाहिलं होतं. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं केलेलं मराठी रूप म्हणजे ‘विकारविलसित’, आणि त्यातला चंद्रसेन म्हणजे गणपतराव, असं त्या पिढीचं समीकरण. गणपतराव १९२२ मध्ये वारले. तोवर आपल्याकडे सिनेमा आला होता, पण मुका. तो त्यांचा आवाज कुठून ठेवणार? आजोबा जेवणं झाल्यावर चंद्रसेनाची नक्कल करत. त्यांच्यामागे आत्या करू लागली. एक हात खांबाला, मान किंचित कलती, आणि वाक्याच्या मध्येच इतका लांब थांबा की आम्हा पोरांना वाटे, ही विसरली. मग शेवटचे दोन शब्द यायचे, जवळजवळ श्वासातच.

मला ते शब्द पाठ आहेत. मुलीने विचारलं तेव्हा मी उभा राहिलो, हात वर घेतला, थांबलोही. पण कुठवर थांबायचं ते आत्यालाच ठाऊक होतं.