अंतर सांगणारं यंत्र

शिकारीशी आमच्या घराचा संबंध एवढाच, की धाकटे मामा कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात राहतात आणि तिथे परवाना काढून हरणाची शिकार करता येते. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. "अगं, तू फिजिक्सवाली. लेझर रेंजफाइंडर घ्यायचाय. कुठला घेऊ ते जरा बघून सांग की." आज्जी शेजारी गहू निवडत होती. ती एवढंच म्हणाली, "त्याला विचार, नेम चुकला तर त्या जनावराचं काय हुतंय?"

त्या प्रश्नामुळे हे काम मोबाइल निवडण्यासारखं राहिलं नाही.

गोळी सरळ रेषेत जाते असं आपल्याला सिनेमानं शिकवलंय. खरं तर नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली पडायला लागते. १०० यार्डांवर नेम जुळवलेल्या साधारण रायफलची गोळी ३०० यार्डांवर फूटभर तरी खाली उतरलेली असते. उघड्या माळावर लांबचं जनावर जवळ वाटतं. ३०० वरचं हरीण २०० वर आहे असं धरलं, तर छातीवर धरलेली गोळी पोटाला किंवा पायाला लागायची. ते हरीण तिथे पडत नाही. लंगडत झाडीत शिरतं आणि कुठेतरी तळमळून मरतं. आज्जीच्या प्रश्नाचं उत्तर हे असं होतं.

रेंजफाइंडर प्रकाशाचा एक छोटा स्पंद सोडतो आणि तो आदळून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. ३०० मीटरवर जाऊन यायला प्रकाशाला फक्त दोन मायक्रोसेकंद लागतात. ही झाली आपल्या पुस्तकातली गोष्ट. दुकानातली गोष्ट जरा वेगळी आहे.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत १००० यार्ड असं लिहिलेलं असतं. तो आकडा चकाकणाऱ्या वस्तूसाठी असतो, म्हणजे रस्त्यावरच्या पाटीसारख्या. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर खास परावर्तक ठेवले, ते याच कारणासाठी: प्रकाश आला त्याच दिशेनं परत जावा. हरणाच्या अंगावर परावर्तक नसतो. केस प्रकाश शोषतात, विखुरतात. म्हणून हरणासाठीचा पल्ला खोक्यावरच्या आकड्याच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी धरायचा. धुकं किंवा बर्फ पडत असेल तर आणखी कमी.

दुसरी गोष्ट उताराची. टेकडीवरून ३० अंश खाली बघताना यंत्र ३०० मीटर दाखवतं, पण गोळीच्या पडण्यासाठी हिशेबात धरायचं अंतर साधारण २६० मीटर. कोसाइनचं गणित. मामा डोंगरपायथ्याशी जातात, तेव्हा कोन धरून अंतर सांगणारं यंत्रच हवं.

तिसरी, समोरच्या गवताची. काही यंत्रं पहिल्या आदळलेल्या वस्तूचं अंतर सांगतात, मग ती मधली फांदी का असेना. झाडीतून बघणाऱ्याला सर्वांत मागच्या वस्तूचं अंतर सांगायची सोय लागते.

चौथी गोष्ट मला मामांच्या बोलण्यातून कळली. तिथे सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढीच शिकारीची मुभा, आणि हरणं बाहेर पडतात ती नेमकी त्या दोन टोकांना. अंधुक उजेडात काळे आकडे झाडीवर दिसतच नाहीत. लाल उजळणारे आकडे हवेत. शिवाय कॅनडात सगळं मीटरमध्ये, पण मामांच्या रायफलचा तक्ता यार्डांत. ३०० मीटर म्हणजे ३२८ यार्ड. एकदा एकक ठरवायचं आणि पुन्हा हात लावायचा नाही.

हे सगळं लिहून पाठवलं. सर्वांत लांबचा पल्ला असलेलं महागडं यंत्र मी यादीतून काढलं होतं. मामा म्हणाले, "ते का नको?" मी विचारलं, "तुम्ही सराव किती लांबून करता?" "दोनशे मीटर." "मग बाराशेचं काय करणार?" ते हसले. मधलंच घेतलं.

नोव्हेंबरात त्यांचा मेसेज आला. एक मोठा नर समोर उभा होता, यंत्रानं ३४० मीटर दाखवले, त्यांनी रायफल उचललीच नाही. त्या वर्षी ते रिकाम्या हातानं परतले. मला वाटतं, यंत्राचे पैसे त्या सकाळीच वसूल झाले. अंतर कळलं म्हणून नेम धरायचाच असं थोडंच आहे? ते 'नको' म्हणायलाही उपयोगी पडतं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्न निराळा आहे. पण हेच यंत्र आपल्या कर्नाटकातल्या जंगलांतही फिरतं. अभ्यासक ठरलेल्या सरळ वाटेनं पहाटे चालतात, चितळ किंवा गवा दिसला की त्याचं अंतर आणि कोन टिपून घेतात. अशा शेकडो नोंदींतून जंगलात वाघाला पुरेल एवढं भक्ष्य आहे का, याचा अंदाज काढतात. तिथेही तेच यंत्र हरणाच्या अंगावर रोखायचं असतं. मोजून झालं की माणूस पुढे चालू लागतो आणि हरीण चरत राहतं.