सतरंजीपुरती तालीम

जिमवाल्यांचा पुन्हा फोन. वर्षाचे पैसे एकदम भरले तर सवलत. नको म्हटलं. सतरंजीएवढ्या जागेत ताकद कमावता येते, हे आपल्या तालमींना कधीचं ठाऊक आहे. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी तर सूर्यनमस्कारांच्या प्रसाराचा ध्यासच घेतला होता, आणि त्याला साधन म्हणून काही लागत नाही.

मात्र नुसता आकडा फुगवण्यात मला राम वाटत नाही. शंभर बैठका उरकण्यापेक्षा दहाच काढाव्यात, पण इतक्या सावकाश की शेवटच्या दोन-तीनला मांड्या थरथरायला लागतील. साध्या पुशअपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भार येतो. गुडघे टेकवले तर निम्म्याच्या आसपास. तेही जड जात असेल तर ओट्याला हात टेकून सुरुवात करावी. सोपं वाटू लागलं की पाय पायरीवर ठेवावेत. खरी अडचण पाठीची. जोर-बैठकांत ओढण्याची क्रिया येतच नाही. त्यासाठी मी सॅकमध्ये पुस्तकं भरतो (जुने दिवाळी अंक इथे फार कामाला येतात), कमरेतून वाकतो, पाठ सरळ ठेवतो आणि सॅक पोटाकडे ओढतो.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करायला सांगते. रक्तदाब किंवा सांध्यांचं दुखणं असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी सोमवारची वाट पाहू नये. वीस मिनिटं आजही निघतात.