सण पोरांचा, हौस थोरांची

३१ ऑक्टोबरला, हॅलोवीनच्या संध्याकाळी, अमेरिकेतल्या गल्ल्या पोरांच्या ताब्यात असतात. चेटकिणी, सांगाडे, स्पायडरमॅन दारोदार 'ट्रिक ऑर ट्रीट' ओरडत खाऊ मागत फिरतात. घरी आल्यावर खाऊने भरलेला उशीचा अभ्रा जमिनीवर उपडा होतो. एखादं वेष्टन फाटलेलं नाही ना, हे आईबाबा तपासतात आणि तपासता तपासता दोन-चार चॉकलेटं गट्टम करतात. पोरं लगेच हिशेब मागतात.

मग सण नक्की कुणाचा?

मिनेसोटातल्या अनोका गावात या रात्री पोरं भलताच धुडगूस घालत; सकाळी भर रस्त्यात मोकाट गाई दिसत. वैतागलेल्या मोठ्यांनी १९२० मध्ये मिरवणूक काढली, ती पोरांना गुंतवून ठेवायला.

न्यूयॉर्कमध्ये नेमकं उलटं झालं. मुखवटे घडवणाऱ्या राल्फ ली यांनी १९७० च्या दशकात ग्रीनिच व्हिलेजमध्ये आपल्या आणि शेजारपाजारच्या मुलांसाठी छोटीशी फेरी काढली. आज त्या मिरवणुकीत हजारो लोक सोंगं घेऊन उतरतात आणि त्यांत भरणा मोठ्यांचाच असतो. जॉन कारपेंटरच्या १९७८ च्या 'हॅलोवीन' सिनेमाला तर सतरा वर्षांखालच्या पोरांना मोठं माणूस सोबत असल्याशिवाय प्रवेशच नव्हता.